गंगावन ते गोंद : जोडकेसांची एक उलटतपासणी

मराठीत जोडकेसांना 'गंगावन' हा शब्द आहे आणि तो चांगला जुना आहे. गेल्या काही वर्षांत त्याच्या जागी नवे शब्द आले : एक्स्टेन्शन, वीव्ह, बाँडिंग, हेअर पॅच. त्यांच्याबरोबर एक विशेषणही आले : 'प्रोटेक्टिव्ह', म्हणजे संरक्षक. गोंदाने डोक्याला चिकटवलेले परके केस आपल्या मूळ केसांचे रक्षण करतात, त्यांना विसावा देतात, असा या विशेषणाचा दावा आहे. बोईसर स्टेशनच्या बाहेर पडल्यावर पुरुषांच्या हेअर पॅचच्या पाट्या दिसतात आणि लग्नसराईत दांडी, नवापूर, उच्छेळी, मुरबे या आमच्या किनाऱ्यावरच्या गावांतून नवऱ्या मुली बोईसर-पालघरच्या पार्लरमध्ये केस 'लावून घ्यायला' जातात. त्यामुळे प्रश्न दूरदेशीचा राहिलेला नाही. या लेखात मला त्या एका विशेषणाची तपासणी करायची आहे. ते कुठे जन्मले, तिथे ते कितपत खरे होते, आणि आपल्याकडे येताना त्याचे काय झाले, असा तिचा क्रम आहे.

मी केशतज्ज्ञ नाही, वैद्य नाही आणि विद्यापीठातली अभ्यासकही नाही. वस्तूंचे शब्द आणि शब्दांमागच्या वस्तू यांचा गेली पंचवीस वर्षे जमेल तसा माग काढते, इतकेच. पण केसांच्या बाबतीत आपल्या समीक्षेने ठेवलेली एक पोकळी मला सतत जाणवते. लुगडे, दागिने, फार काय कुंकवावरही मराठीत अभ्यासपूर्वक लिहिले गेले. गंगावनावर मात्र जे लिहिले गेले ते बहुतेक विनोदी. फार्समध्ये गंगावन गळून हातात येते आणि प्रेक्षक हसतात, यापलीकडे त्या वस्तूकडे कोणी पाहिले नाही.

१. सुटणारा सांधा

जुन्या कोशांत गंगावनाचा संबंध वनगायीच्या शेपटीच्या केसांशी जोडलेला सापडतो. चवरीसाठी वापरतात त्याच जातीचे हे केस. पुढे माणसाच्या केसांची आणि नंतर नायलॉनची गंगावने बाजारात आली. आमच्या लहानपणी जत्रेत बांगड्यांच्या दुकानाशेजारी ती खिळ्यांना टांगलेली असत, काळ्या घोड्यांच्या शेपट्यांसारखी. वस्तू साधी. एका टोकाला घट्ट बांधलेली गाठ आणि दोरा, खाली मोकळे केस. आपल्या केसांचे तीन पेड करायचे, मानेपाशी गंगावनाचा दोरा त्यांत गुंफायचा आणि वेणी घालत खाली यायचे. ज्यांना वेणी नको त्या अंबाड्यात आतून भर म्हणून घालीत. आगवळ आणि गोंडे यांचेही तत्त्व हेच : आपल्या केसांत परका धागा मिसळायचा, पण गाठ अशी मारायची की निजण्यापूर्वी ती एका ओढीत सुटावी.

या 'निजण्यापूर्वी' शब्दावर माझा भर आहे. गंगावनाचा सांधा रोजचा होता. सकाळी जोडायचा, रात्री काढायचा. रात्री केस मोकळे, त्यांना तेल, टाळूला बोटे. म्हणून गंगावनाने केस गेल्याची तक्रार जुन्या बायकांकडून मी फारशी ऐकली नाही. ऐकली ती वेगळी होती. आमच्याकडे मासळीची पाटी डोईवर वाहणाऱ्या बायकांची टाळू पन्नाशीच्या आत विरळ होते. चुंबळ ठेवायची जागा तीच आणि अंबाड्याचा ताण पडतो तोही तिथूनच मागे. अशा बायका सणावारी अंबाड्यात गंगावन घालीत, वर गजरा आणि घरी असले तर सोन्याचे फूल खोवीत. त्यांना कोणाला फसवायचे नव्हते. ओझ्याने जे नेले ते चार दिवसांपुरते परत आणायचे होते. फार्समधले हसू या बायकांपर्यंत कधी पोचले नाही, आणि या बायका फार्सपर्यंत.

रंगभूमीवर मात्र सांधा दोन प्रकारचा होता आणि हा फरक आपल्या विषयाला उपयोगी आहे. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांपैकी काही स्वतःचे केस राखत, काही टोप चढवीत. टोप डोक्यावर घालायची वस्तू. दाढीमिशा मात्र चिकटवाव्या लागत, स्पिरिट गमने. ज्यांनी हौशी नाटकात एकदाही मिशी लावली आहे त्यांना ती काढतानाची चरचर आठवत असेल. तरीही ती तीन-चार तासांची बाब होती. प्रयोग संपला, स्पिरिटाचा बोळा फिरवला, मिशी डबीत गेली. गोंद होता, पण त्याला घड्याळ होते. आज ज्या गोंदाबद्दल आपण बोलतो आहोत त्याचे घड्याळ आठवड्यांचे आहे.

२. विशेषणाचे माहेर

'संरक्षक केशरचना' ही कल्पना आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांच्या अनुभवातून आली. दाट कुरळ्या केसाची रचनाच वेगळी. टाळूतून निघणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत ओघळते. वळणावळणाच्या केसावर ते वरच अडकते. टोके कोरडी राहतात आणि प्रत्येक वळणाशी केस तुटण्याचा धोका असतो. रोज विंचरणे, ओढणे, तापवणे या सगळ्यांतून टोके वाचवायची तर ती आत दुमडून, गुंफून ठेवणे शहाणपणाचे. डोक्यालगतच्या बारीक वेण्या आणि पेड यांमागे ही विद्या आहे. ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि शरीरशास्त्राला धरून आहे.

तिच्याभोवती मग दुसरी सक्ती उभी राहिली. अमेरिकेत काळ्या स्त्रीला नोकरी, शाळा, कचेरी यांत सरळ केसांनीच 'नीटनेटके' ठरता येत असे. त्यासाठी तापलेल्या फण्या आल्या, मग दाहक रसायने आली. १९५१ च्या सुमारास क्रिस्टिना जेन्किन्स या ओहायो राज्यातल्या काळ्या स्त्रीने परके केस मूळ केसांना पक्के जोडण्याची रीत शोधली आणि १९५२ मध्ये तिला त्याचे पेटंट मिळाले. तिची रीत दोऱ्याची होती, गोंदाची नव्हती. मूळ केसांचा आधार करून त्यावर केसांची पट्टी बांधायची. यातून वीव्हचा धंदा वाढला. दोऱ्याने शिवायला तासन्‌तास लागतात, म्हणून पुढे गोंद आला. केसांच्या पट्टीच्या काठावर तो ओढायचा आणि पट्टी मूळ केसांच्या मुळाशी किंवा डोक्यावर चढवलेल्या पातळ जाळीच्या टोपीवर चिकटवायची. तास-दीड तासात डोके तयार.

केसांमुळे माणसाला कामावरून, शाळेतून काढू नये असा कायदा करण्याची वेळ कॅलिफोर्नियावर २०१९ मध्ये आली. 'क्राउन' कायदा म्हणून तो ओळखला जातो. ही तारीख लक्षात ठेवली म्हणजे 'संरक्षक' या विशेषणाचे दोन अर्थ वेगळे करता येतात. एक, केसाचे तुटण्यापासून संरक्षण. दुसरा, स्त्रीचे लोकांच्या नजरेपासून संरक्षण. पहिल्या अर्थाने गोंदाचे वीव्ह किती खरे उतरते ते पुढे पाहू. दुसऱ्या अर्थाने ते कित्येकींसाठी खरे होते. सरळ केसांखाली आपले केस झाकून तिने नोकरी टिकवली असेल, तर तिला दुरून उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

ख्रिस रॉक या काळ्या विनोदी नटाचा 'गुड हेअर' हा २००९ चा माहितीपट याच विषयावर आहे. आपल्या लहान मुलीने 'माझे केस चांगले का नाहीत' असे विचारल्यामुळे तो या शोधाला निघाला, आणि थेट भारतातल्या मुंडणापर्यंत पोचला. चित्रपट हुशार आहे, रंजकही. पण माझी त्याच्यावर हरकत आहे. त्यात वीव्हवर पैसे घालवणाऱ्या स्त्रिया हशाचा विषय होतात आणि केस देणाऱ्या भारतीय स्त्रिया अजाणपणाचा नमुना. दोन्ही टोकांच्या बायका पाहिल्या जातात. त्यांच्यामधला व्यापार मात्र एक गंमत म्हणून निसटतो. आपल्या फार्समधल्या गंगावनाचे आणि या चित्रपटातल्या वीव्हचे नाते इथे जुळते. दोन्हींकडे बाईचे डोके हाच विनोद आहे.

३. केस कुठून येतात

एमा टार्लो या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ बाईंचे 'एन्टँगलमेन्ट' हे पुस्तक २०१६ मध्ये आले. त्यांनी आधी भारतीय पेहरावावर काम केले होते, म्हणून आपल्याकडचे धागे त्यांना दिसले. केसांच्या व्यापाराचे दोन प्रवाह त्या पुस्तकातून स्पष्ट होतात. एक देवळातल्या मुंडणाचा. हे केस एकाच दिशेने कापलेले, मूळ वर आणि टोक खाली अशी ओळ न मोडलेले असतात. बाजारात यांना 'रेमी' म्हणतात आणि भाव मोठा असतो. तिरुमलाचे देवस्थान या केसांचा लिलाव करते. दुसरा प्रवाह फणीतल्या गुंत्यांचा. रोज माणसाचे पन्नास ते शंभर केस आपोआप गळतात. ते आपल्या आया-मावश्या फणीतून काढून, बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचून ठेवीत. गल्लीत फेरीवाला आला की त्या गुंत्यावर मुलांना फुगे मिळत किंवा जास्त साठले असले तर एखादे भांडे. 'केसावर फुगे' ही आरोळी महाराष्ट्रात अशी घरोघरी माहीत आहे की तिच्यावरचे खान्देशी गाणे गाजले तेव्हा कोणाला ती समजावून सांगावी लागली नाही.

तो गुंता पुढे कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगरसारख्या गावांत, किंवा बंगालमध्ये मुर्शिदाबादकडे जातो. तिथे बायका तो बोटांनी, सुयांनी सोडवतात, लांबीप्रमाणे जुड्या बांधतात. मूळ आणि टोक यांची सरमिसळ झालेली असल्यामुळे या केसांवरचे खवले उलटसुलट दिशांना असतात आणि ते लवकर गुंततात. म्हणून कारखान्यात आम्लाने खवले काढून वरून सिलिकोनचा हात देतात. दुकानात चमकतात ते हे. दोन-चार धुण्यांनंतर चमक जाते आणि खालचा राठपणा वर येतो. 'माझे एक्स्टेन्शन महिन्यात झाडूसारखे झाले' असे एका नवरीने मला सांगितले तेव्हा तिच्या डोक्यावर दुसऱ्या प्रवाहाचा माल होता हे उघड होते. पैसे तिने पहिल्या प्रवाहाचे दिले होते.

हा व्यापार किती मोठा आहे हे एका गोष्टीवरून कळावे. २०२२ च्या जानेवारीत केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर बंधन घातले, कारण माल बेहिशेबी मार्गांनी देशाबाहेर जात होता आणि इथल्या सोडवणाऱ्या हातांचे काम बुडत होते. आणि तो किती नाजूक आहे हे दुसऱ्या गोष्टीवरून. २००४ मध्ये जेरुसलेमचे धर्मगुरू एल्याशिव यांनी निर्णय दिला की देवळातल्या मुंडणाचे केस असलेले टोप कर्मठ ज्यू स्त्रियांना चालणार नाहीत. त्यानंतर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात रस्त्यावर टोपांच्या होळ्या झाल्या. नवसाने सोडलेले केस अशा रीतीने तिसऱ्याच धर्माच्या प्रश्नात जळाले. नवस करणारीला यातले काहीच कळले नसणार, आणि तिला या केसांचा पैसाही मिळालेला नव्हता.

४. गोंदाचा जमाखर्च

आता मुख्य दाव्याकडे. न्यायाने पाहायचे तर आधी जमेची बाजू मांडली पाहिजे.

गोंदाचे वीव्ह स्वस्त आणि झटपट असते. त्याला सुई लागत नाही. शिवलेल्या वीव्हखाली डोक्यालगत ज्या घट्ट वेण्या घालाव्या लागतात, त्यांचा ताण इथे नसतो. जाळीच्या टोपीवर चिकटवले आणि टोपी नीट बसली तर गोंद टाळूला लागतही नाही. परके केस तापवता, रंगवता येतात आणि तेवढे दिवस आपले केस त्या छळातून सुटतात. केस विरळ झालेल्या, आजारातून उठलेल्या बाईला किंवा पुरुषाला आरशासमोर उभे राहण्याचे बळ मिळते. याला मी क्षुल्लक मानत नाही. एका समारंभासाठी, चार दिवसांसाठी, जाणत्या हाताने लावलेले आणि जाणत्या हाताने काढलेले वीव्ह कोणाचे वाटोळे करीत नाही.

खर्चाची बाजू मात्र लांब आहे. पहिला खर्च चिकाचा. केसांसाठीचे बरेच गोंद नैसर्गिक रबराच्या चिकापासून केलेले असतात. हा चीक काहींच्या शरीराला मानवत नाही. साध्या पुरळापासून श्वास कोंडण्यापर्यंत त्याचे परिणाम जातात. केसांच्या गोंदाने अशी जिवावरची प्रतिक्रिया आल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहे. ज्यांना फुगे फुगवताना ओठ सुजल्याचा किंवा रबरी हातमोज्यांनी खाज सुटल्याचा अनुभव आहे, त्यांनी तर या वाटेला जाऊच नये. पार्लरमध्ये हा प्रश्न विचारला जाताना मी पाहिलेला नाही.

दुसरा खर्च ओढीचा. सतत ताण पडून केस जाण्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे आणि त्याचा इतिहास शिकण्यासारखा आहे. १९०७ मध्ये ट्रेबित्श या ऑस्ट्रियन अभ्यासकाने ग्रीनलंडच्या स्त्रियांमध्ये, केस वर ओढून घट्ट बांधण्याच्या रीतीमुळे, कपाळाच्या बाजूंचे केस गेलेले नोंदवले. पुढे केस वर ओढून गाठ मारणाऱ्या शीख पुरुषांतही तेच दिसले. म्हणजे यात वंशाचा काही दोष नाही. ओढ कुठेही असो, मूळ तिला सारखेच उत्तर देते. सुरुवातीला थांबले तर केस परत येतात. वर्षानुवर्षे ओढ चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि मग तिथे काही उगवत नाही. चिकटवलेल्या पट्टीचे वजन थोड्याच केसांवर लटकते, आणि रात्रीही लटकते. रात्री सुटणारे गंगावन आणि न सुटणारे वीव्ह यांतला फरक तो हा.

तिसरा खर्च काढण्याचा. गोंद तेलाने किंवा द्रावणाने सैल करावा लागतो, आणि त्याला धीर लागतो. धीर नसला की पट्टी ओढली जाते आणि मूळ केस तिच्यासोबत येतात. या एका पायरीवर जितके केस जातात, तितके महिनाभराच्या 'संरक्षणा'त वाचलेले नसतात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, हे लक्षात घेतले म्हणजे एका झटक्याची भरपाई किती वर्षांची आहे हे ज्याचे त्याने मोजावे.

चौथा खर्च आपल्या बाजूचा आहे आणि त्याची चर्चा परदेशी लेखनात सापडणार नाही. तेल हा गोंदाचा शत्रू. ज्या डोक्यावर गोंद आहे त्याला तेल लावायचे नाही, वारंवार धुवायचे नाही, मुळाशी बोट घालायचे नाही. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी, तेही तेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत, दाखवून दिले की धुण्याआधी लावलेले खोबरेल केसातून प्रथिन निघून जाणे कमी करते, कारण ते केसाच्या आत शिरते; सूर्यफुलाचे किंवा खनिज तेल तसे शिरत नाही. कंपनीचा स्वार्थ वजा केला तरी कारण पटण्यासारखे आहे. म्हणजे आपल्याकडे संरक्षक रचना आधीपासून होती : खोबरेल, सैल वेणी, शेवटी आत दुमडलेले टोक. सरळ केसाला याहून अधिक संरक्षण लागत नाही. गोंद लावताना आपण नेमके तेच काढून ठेवतो. किनाऱ्यावरची दमट हवा, घाम आणि खारे वारे यांत महिनाभर न धुतलेल्या टाळूचे काय होत असेल, ते आमच्याकडच्या कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही.

थोडक्यात, कुरळ्या केसासाठी गुंफण संरक्षक होती. तिच्या जागी गोंद आला तेव्हा संरक्षण कमी झाले, नाव मात्र तेच राहिले. तो गोंद सरळ केसांच्या देशात आला तेव्हा संरक्षणाचे कारणही उरले नाही. उरले ते फक्त नाव.

५. जटेचा आरसा

ही तुलना आणखी एका पायरीने पुढे न्यावीशी वाटते. आफ्रिकी वंशाच्या स्त्री-पुरुषांत केस वळून त्यांच्या लडी करणे ही आज अभिमानाची आणि संरक्षक म्हणवली जाणारी रचना आहे. महाराष्ट्रात तशाच दिसणाऱ्या गोष्टीला आपण जट म्हणतो. गुंत्यात घाम, धूळ, भंडारा बसून केस चिकटतात. देवीचे बोलावणे आले असे घरचे ठरवतात, आणि कित्येक मुली त्या एका गुंत्यापायी जोगतीण म्हणून सोडल्या गेल्या. जटेच्या वजनाने मान आखडते, झोप जाते, उवा-फोड होतात, पण कात्री लावायची भीती. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात शेकडो बायकांना समजावून त्यांच्या जटा उतरवल्या आहेत. मी त्या कामाकडे आदराने पाहते, विशेषतः त्यांतल्या समजावण्याकडे. कात्री सोपी असते; त्या बाईचा होकार मिळवण्यात खरा वेळ जातो.

केसांची गाठ तीच. एकीकडे ती स्वतः घातलेली, निगा राखलेली. दुसरीकडे लादलेली, हात लावायला बंदी असलेली. मग केसांचे भले कशाने होते? नुसत्या रचनेने होत नाही. ती सोडायचा अधिकार कोणाकडे आहे, यावर ते ठरते. मराठी साहित्याला हे नवे नाही. 'पण लक्षात कोण घेतो!' ही हरिभाऊंची कादंबरी १८९० नंतर 'करमणूक'मधून येत होती. यमूचे बळजबरीने झालेले केशवपन हा तिच्यातला वाचकाला न विसरता येणारा प्रसंग आहे. त्याच सुमारास, सत्यशोधकांच्या प्रेरणेने, विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असे मुंबईतले न्हावी एकत्र येऊन म्हणत होते. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'ची नायिका सैरंध्री. सैरंध्री म्हणजे दुसरीचे केस विंचरणारी दासी, आणि तिचे स्वतःचे केस भरसभेत ओढले गेलेले. केस कोणाच्या हातात आहेत हा प्रश्न आपल्या वाङ्मयाने गंभीरपणे विचारला, तो केस कापण्याच्या आणि ओढण्याच्या संदर्भात. जोडण्याच्या संदर्भात तो विचारायचा राहून गेला.

६. 'सुरक्षित' या शब्दाची इथली ओळख

दांडीच्या माणसाला 'सुरक्षित' या शब्दाविषयी थोडी जास्त सावधगिरी असते. एका हाताला तारापूरची अणुभट्टी, १९६९ पासून चालू. दुसऱ्या हाताला तारापूर औद्योगिक वसाहत, जिचे रासायनिक पाणी नवापूरच्या समुद्राकडे जाते. सांडपाणी प्रक्रिया करून सोडले आहे असे आम्ही वर्षानुवर्षे ऐकले. खाडीतली मासळी वेगळे सांगत होती. शेवटी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला आणि लवादाने कारखान्यांना मोठा दंड केला. यातून आमच्याकडे एक सवय रुजली आहे. कोणी 'सुरक्षित' म्हटले की विचारायचे : कोणासाठी, किती दिवस, आणि बिघडले तर निस्तरणार कोण?

गोंदाच्या बाटलीलाही हेच तीन प्रश्न लावावेत. कोणासाठी? ज्या केसांसाठी ही कल्पना जन्मली ते केस आपले नाहीत. किती दिवस? समारंभाचे चार दिवस निराळे आणि महिन्यामागून महिने नवी पट्टी निराळी. पुरुषांचा हेअर पॅच तर या दुसऱ्या प्रकारातच मोडतो. त्याखालचे उरलेसुरले केस बहुधा भादरून टाकलेले असतात, आणि दर काही आठवड्यांनी पॅच काढून, टाळू पुसून, पुन्हा चिकटवायचा. म्हणजे तिथे 'संरक्षण' करायला केसच उरलेले नसतात. राखायची असते ती लाज. ज्याला ती राखायची आहे त्याने जरूर राखावी, पण त्याला कोणी औषध म्हणून ते विकू नये. निस्तरणार कोण? लावणाऱ्या पार्लरचे काम लावण्यापाशी संपते. काढणे बहुतेक घरी, आरशासमोर, घाईत होते. २०२१ मध्ये अमेरिकेत एका बाईने केस बसवायला वस्तू चिकटवण्याचा गोंद फवारला आणि महिनाभर तो निघेना, तेव्हा साऱ्या जगाने तिची थट्टा केली. त्या थट्टेत मी सामील होऊ शकले नाही. केस नीटनेटके दिसलेच पाहिजेत ही सक्ती इतकी पक्की असते, की हाताशी असेल तो गोंद माणूस उचलतो.

माझे म्हणणे गोंद वाईट आणि गंगावन चांगले, इतके सरळ नाही. गंगावनातही दुसऱ्या कोणाच्या फणीतले केस होते आणि त्याचा मोबदला एक फुगा होता. लांब केसच सुंदर, हा हट्ट गंगावनानेही पोसला. पण गंगावन आपल्याला काय म्हणवत होते, ते आठवावे. बाजारात ते शृंगाराच्या वस्तूंत टांगलेले असे, औषधांच्या नव्हे. आपण ते सजण्यासाठी घेत होतो आणि तसे म्हणतही होतो. आजच्या नवरीनेही तसेच म्हणावे : मला चार दिवस लांब केस हवे आहेत. असे म्हटले की पुढचे प्रश्न आपसूक सुचतात. रबराचा चीक आहे का, टोपीवर लावणार की टाळूवर, काढून कोण देणार, कधी. क्लिपने किंवा दोऱ्याने भागत असेल तर गोंद कशाला, हाही प्रश्न सुचतो. 'संरक्षण' म्हटले की यांतला एकही प्रश्न सुचत नाही, कारण रक्षण करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

शब्द बदलला की वस्तूची किंमत बदलते, हे मराठी समीक्षेने कवितेबद्दल अनेकदा सांगितले आहे. पार्लरच्या दरपत्रकाबद्दलही ते तितकेच खरे आहे आणि तिथे ते जास्त महाग पडते. म्हणून माझी सूचना एवढीच, की बोईसरच्या पाटीवर 'प्रोटेक्टिव्ह' लिहिलेले असो की 'बाँडिंग', आपण बोलताना गंगावनच म्हणावे. त्या शब्दात सांधा दिसतो, आणि तो सुटला पाहिजे हेही दिसते.